राणी शोधावी ती जमिनीवर

फाल्गुनात तुझा फोन आला होता. "आजोबा, वसंत सुरू झाला. आता राणी मुंग्या उडतील ना? त्यांना ठेवायला मी नळ्यासुद्धा आणल्यात." राण्या वसंतात उडतात असं तू वाचलंस ते खोटं नाही, पण ते थंड देशातल्या माणसाने आपल्या अंगणापुरतं लिहिलेलं आहे. तिकडे हिवाळ्यात जमीन गोठते, वसंतात तिला ऊब येते आणि कितीतरी जातींच्या मुंग्या तेव्हाच लग्नाला निघतात. आपल्या चिंचोटीत वसंतात काय असतं ते तू लहानपणापासून बघतोस. डोंगराच्या अंगाला पळस फुललेला, शेतात राब भाजून काळे झालेले, आणि बांधाची माती अशी की पहार मारली तर मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. असल्या मातीत पाऊण इंचाची एकटी मुंगी घर कसं खणणार? वर उन्हाने तिचं अंग सुकून जाईल ते वेगळंच. तिला मऊ माती हवी, दमट हवा हवी, खणलेलं बीळ ढासळू न देणारी ओल हवी. आपल्याकडे तिचा वसंत म्हणजे वळीव.

तुझ्या नळ्या तेव्हा ठेवून दे म्हणालो होतो. आता रोहिणी जवळ आल्या, म्हणून बसून लिहितो आहे.

मला यातलं पहिलं कोणी शिकवलं तर माझ्या आजीने. तिला अक्षरओळख नव्हती, पण पावसाच्या तोंडावर पडवीत बसून ती मुंग्यांवर नजर ठेवायची, कारण भात कधी पेरायचं हे तिला त्यांच्यावरून थोडंफार कळायचं. पंखवाल्या मुंग्या दिव्यावर आल्या की आम्ही पोरं त्या पकडायला धावायचो. एकदा तिने मला जवळ ओढून कानात सांगितलं, "पंख आहेत तोवर ती पाहुणी. पंख टाकले की इथली." पुढे चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पुस्तकं वाचली, भिंग घेतलं, वह्या भरल्या. पण राणी शोधायची झाली तर या वाक्याइतकं कामाचं मला दुसरं काही सापडलेलं नाही.

त्याचा अर्थ असा. पंखांसकट दिसते ती राणी बहुधा अजून कोरी असते. तिचं लग्न व्हायचं असतं, किंवा झालं की नाही ते तुला कळायला मार्ग नसतो. तिला नळीत घातलंस तर ती महिनाभर फिरत राहील, कदाचित अंडी घालेलही, पण त्यातून निघतील ते सगळे नर. मुंग्यांत फळलेल्या अंड्यातून मादी होते आणि न फळलेल्या अंड्यातून नर. नराला बाप नसतो, आजोबा मात्र असतो! लग्न झालेली राणी जमिनीवर उतरते आणि आपले पंख आपणच मोडून टाकते. ती खाली, भिंतीच्या कडेला, पायरीच्या फटीजवळ, चालत असते. वर बघणाऱ्याला राणी दिसत नाही.

पंख टाकताना तिला एकदा तरी बघ. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अकरा वर्षांचा होतो. आपल्या जुन्या घराच्या ओट्यावर डोंगळ्याची राणी उतरली होती, काळीकुळकुळीत, पंख धुरकट. थोडं चालून ती थांबली. एका बाजूला कलली. मधला पाय पंखाच्या मुळाशी नेला आणि रेटा दिला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा पंख असा अलगद निघाला की जणू तिथे आधीच रेघ मारून ठेवली होती. तशी रेघ खरंच असते. पंखाच्या मुळाशी जन्मतःच एक कमकुवत जोड असतो. चारही पंख पडायला काही मिनिटं लागली. मग ती त्यांच्याकडे वळूनही न बघता पायरीखाली शिरली. मी ते पंख उचलून वहीत ठेवले होते.

ते पंख हलवणारे स्नायू तिच्या अंगात शिल्लक राहतात, आणि आता त्यांचा उडायला उपयोग नसतो. बंद बिळात बसून ती ते स्नायू आणि पोटातली चरबी विरघळवते आणि त्यावर पहिली पिल्लं वाढवते. बाहेर खायला जात नाही. नराचं बीज त्या एका उड्डाणात घेतलेलं असतं, ते पोटातल्या बारीकशा पिशवीत जन्मभर पुरतं. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी माणसाच्या देखरेखीखाली २८ वर्षांहून जास्त जगली आणि तेवढ्याच एका शिदोरीवर अंडी घालत राहिली. नर मात्र लग्न झालं की लगेच, फार तर एक-दोन दिवसांत मरतो. 'मुंगीला पंख फुटले की मरण आलं' असं आपण म्हणतो ते नराच्या बाबतीत अगदी खरं आहे.

आता दिवस कसा ओळखायचा ते.

कॅलेंडरवर विसंबू नकोस. रोहिणी २५ मेच्या सुमारास लागतात, मृग ७-८ जूनला, आणि हवामान खात्याच्या हिशेबात मुंबईत मोसमी पाऊस ११ जूनला यायचा असतो. पण २०२५ साली तो २६ मेलाच आला, रोहिणी लागून जेमतेम एक दिवस झाला होता. जो तारीख धरून बसला असेल त्याचे सगळे दिवस निघून गेले. पहिल्या वळवालाही भुलू नकोस. तो नुसती धूळ बसवतो, वास सोडतो आणि जातो. माती बोटभर खोल भिजली पाहिजे. ओट्याखालच्या मातीत तर्जनी घाल. दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली की समजायचं दोन-चार दिवसांत काहीतरी होणार. आपल्या राबात पेरलेल्या भाताचे हिरवे कोंब वर आलेले दिसतात, तेव्हा डोंगळे तयार असतात. हे मी बहुतेक साली पडताळलं आहे.

पाऊस पडत असताना कोणी उडत नाही. पाऊस होऊन गेला, वारा पडला, अंगाला घाम सुटू लागला आणि झाडाचं पान हलेनासं झालं की लक्ष ठेव. खाडीकडून वारा सुटला असेल तर त्या दिवशी जेवून झोप. एकेका जातीची वेळ ठरलेली असते. काही पाऊस उघडून ऊन पडलं की दिवसाउजेडी उडतात, डोंगळे दिवेलागणीनंतर. एकाच जातीची आसपासची सगळी वारुळं जवळजवळ एकाच वेळी पंखवाले सोडतात, कारण लग्न दुसऱ्या घरातल्याशी व्हायचं असतं आणि खाणारे इतके असतात की एकेकटं निघालेलं कोणी वाचणार नाही.

खाणारेच तुला वर्दी देतील. तारेवरचे कोतवाल एकाच जागी वर उठून पुन्हा खाली बसू लागले, पाकोळ्या आणि चतुर डोक्यावर घिरट्या घालू लागले, तर त्यांच्या बरोबर खाली बघ. तिथे वारुळाचं तोंड असेल. एरवी सुईच्या नेढ्याएवढं असणारं तोंड त्या दिवशी रुंद केलेलं असतं, कामकरी मुंग्या बाहेर येऊन उगाच पळत असतात आणि मधूनच एखादी पंखवाली बाहेर डोकावते, तिला पुन्हा आत ओढतात, पुन्हा ती येते. घरातली लग्नघाईच ती. तिथे काही उचलू नकोस. बस आणि बघ.

उचलायचं ते दुसऱ्या दिवशी पहाटे. रात्री दिव्यांवर आलेल्या राण्या सकाळी सहा ते आठच्या दरम्यान घर शोधत फिरत असतात. नंतर त्या मातीत तरी जातात, नाहीतर पालीच्या, भेकाच्या, बुलबुलाच्या पोटात. भिंतीच्या पायथ्याशी चाल, एका पावलाला एक श्वास इतकं सावकाश. पायरीची फट, कुंपणाच्या खांबाचा बुंधा, उलटी पडलेली विटेची खापरी, कुंडीचा काठ, सिमेंटच्या रस्त्याची कड जिथे माती लागते ती रेघ. डबक्यात आणि उघड्या बादलीत हमखास बघ. पाण्यात तरंगणारी राणी मेली असं समजू नकोस, तिला काडीने काढून कोरड्या पानावर ठेव. अर्ध्या तासाने ती पाय झाडून उठते. मी सांभाळलेल्या राण्यांत दोन अशा पाण्यातून काढलेल्या होत्या.

हायवेवर आता पेट्रोलपंप, ढाबे, गोडाऊन यांचे दिवे रात्रभर जळतात. वळवानंतर तिथे खाली काळा सडा पडतो. माझ्या लहानपणी या मुंग्या कंदिलावर चार-सहा यायच्या, आता त्या दिव्यांकडे झुंडीने जातात आणि गाड्यांखाली चिरडतात. मला ते बघवत नाही. तुला राणी उचलायचीच असेल तर अशा दिव्याखालची उचल. ती तशीही सकाळपर्यंत टिकली नसती. पण हायवेच्या कडेला रात्री जायचं नाही, सकाळी जा, आणि तुझ्या बाबांना घेऊन जा. घरचा ओट्यावरचा दिवा मात्र त्या आठवड्यात लवकर मालवत जा.

राणी ओळखायची कशी? आकारावर जाऊ नकोस, इथेच नवे लोक फसतात. डोंगळ्यांत मोठ्या डोक्याची कामकरी असते, ती अंगाने राणीच्या जवळपास भरते. डोकं सोड, पाठ बघ. कामकरी मुंगीची पाठ, म्हणजे डोकं आणि पोट यांच्यामधला भाग, चिंचोळा आणि सरळ असतो. राणीची पाठ फुगीर, जाड, उंटाच्या वशिंडासारखी वर आलेली, कारण तिथे पंखांचे स्नायू असतात. त्यावर दोन्ही बाजूंना, भिंगातून पाहिलंस तर, पंख तुटल्याचे बारीक व्रण दिसतील. पोट लांबट आणि भरलेलं. नराचं डोकं मात्र अगदी इवलंसं, डोळे मोठे, अंग सडपातळ आणि पंख अंगाला चिकटलेलेच. तो पंख टाकत नाही.

वाळवी आणि मुंगी यांत गोंधळ करू नकोस. त्याच संध्याकाळी वाळवीही उडते आणि सकाळी ओट्यावर पंखांचा केर झाडायला लागतो तो बहुतेक तिचाच. वाळवीचे चारही पंख सारखे आणि अंगापेक्षा लांब. मुंगीचे पुढचे मोठे, मागचे लहान. वाळवीला कंबर नसते, तिच्या मिशा सरळ, मण्यांची माळ ओवल्यासारख्या. मुंगीची कंबर बारीक आणि मिशी कोपरासारखी वाकलेली. आणि सगळ्यात सोपी खूण म्हणजे पंख टाकल्यावर वाळवी जोडीने फिरते, मादी पुढे, नर तिच्या शेपटाला लागून मागे. मुंगीची राणी एकटी असते.

पावसाळ्यात दिव्यावर आणखी एक पाहुणा येतो, त्याला बघून तू नक्की फोन करशील. तपकिरी-पिवळसर, बोटाच्या पेराहून लांब, पोट कोवळ्या पडवळासारखं, भुरभुर आवाज करत भिंतीवर आपटत राहतो. गांधीलमाशी समजून लोक त्याला चपलेने मारतात. तो डोरिलस नावाच्या, जमिनीखाली राहणाऱ्या आंधळ्या मुंगीचा नर. तो कोणाला डसत नाही. त्याची राणी तुला कधी मिळायची नाही, कारण तिला पंखच येत नाहीत. ती जन्मभर भुयारात.

याहून नवलाची गोष्ट तुला आपल्या कुंपणापाशी दाखवली होती, आठवतं? राखाडी-काळी, एकटी फिरणारी, अंगावर नक्षी कोरल्यासारख्या रेघा, आणि बिळाच्या तोंडाशी पिसं, काटक्या, वाळक्या पानांचे तुकडे रचलेले. ती डायकामा. तिच्या घरात राणी नावाची जातच नाही. जन्माला येणाऱ्या प्रत्येक कामकरीच्या पाठीवर, जिथे पंख यायचे तिथे, कळीएवढे दोन अवयव असतात. घरातली जी एक अंडी घालते ती बाकी सगळ्यांच्या या कळ्या त्या जन्मल्याबरोबर तोडवते. जिच्या कळ्या तुटतात तिचं वागणं बदलतं, ती लग्नाला जात नाही. ज्या एकीच्या कळ्या राहतात तीच आई होते. उडतात ते फक्त नर. तेव्हा या बिळापाशी पहाटे कितीही वेळ बसलास तरी राणी यायची नाही. घरातल्या डब्यांभोवती फिरणाऱ्या बारीक पिवळसर मुंग्यांचंही उड्डाण शोधू नकोस, त्यांची लग्नं घरट्यातच होतात.

आंब्यावरच्या हुमल्यांचं (कोणी ओंबील म्हणतात) मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण तुला त्या फार आवडतात. पानं एकमेकांना जोडून ज्या घर करतात त्या तांबड्या, चावऱ्या. पानं शिवायला रेशीम लागतं ते त्यांच्या अळ्यांच्या तोंडातून येतं. कामकरी अळीला सुईसारखी धरून पानाच्या एका कडेवरून दुसरीकडे नेतात. गडचिरोलीत माडिया लोक त्यांची आंबट चटणी करतात. यांची राणी तांबडी नसते, हिरवी असते, कच्च्या आंब्यासारखी. तिच्या शास्त्रीय नावातला 'स्मरॅग्डिना' हा शब्द पाचू रत्नावरून आला आहे, १७७५ साली फाब्रिशियसने तो दिला. पहिल्या पावसात जांभळीच्या नाहीतर आंब्याच्या पानाच्या वळचणीला हिरवी, पोट फुगलेली एकटी बसलेली दिसली तर ती ही. तिला नळी मानवत नाही. तिला पान हवं, झाड हवं. आणि या मुंग्यांचं घरटं फोडून राणी बघायचा नाद तर मुळीच करू नकोस. एका कुटुंबाची घरटी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर अशी कितीतरी पसरलेली असतात आणि राणी त्यातल्या एखाद्यातच असते. दहा घरटी फोडूनही ती मिळत नाही, चावून मात्र घेशील.

तेच वारुळाचं. खणून राणी काढणं हा शोध नव्हे. कुदळ लागते तेव्हा कामकरी आधी राणीला खोल नेतात, तू फोडतोस ती पिल्लांची दालनं. आणि समजा सापडली, तर ते घर संपलं, कारण बहुतेक जातींत दुसरी राणी तिथे होत नाही. उडून उतरलेल्या शंभर राण्यांतली जेमतेम एखादी वाचत असेल. त्यातली एक तू उचललीस तर रानाचं फारसं बिघडत नाही. वसलेलं घर मात्र वर्षानुवर्षांनी उभं राहिलेलं असतं.

मुंग्यांकडे असं लक्ष देऊन बघणं आपल्या भागात नवीन नाही, बरं का. १८९२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये रॉटन नावाच्या वनाधिकाऱ्याने 'अवर अँट्स' या नावाने इथल्या मुंग्यांवर लिहिलं. मुंबई इलाख्यातल्या रानांत, पुण्याच्या आसपास फिरताना तो मुंग्या जमवायचा आणि स्वित्झर्लंडच्या ऑगस्त फोरेलकडे पाठवायचा. फोरेलने त्यांतल्या कितीतरी जातींना पहिल्यांदा नावं दिली, काहींना रॉटनचंच. १९०३ साली बिंगहॅमने हिंदुस्थानातल्या मुंग्यांचा मोठा ग्रंथ काढला, त्यातही ही नावं सापडतात. शाळेत असताना मला हे कोणी सांगितलं नव्हतं. कळलं तेव्हा आपल्या ओट्यावरचं बघणं एका जुन्या कामाला जोडलेलं आहे असं वाटून फार आनंद झाला होता.

कुठे शोधायचं नाही ते आता सांगतो, आणि यात घासाघीस नाही. डोंगर चढू नकोस. तो तुंगारेश्वरचा, आणि तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य आहे, सुमारे ८५ चौरस किलोमीटर. तिथली मुंगीसुद्धा उचलायची नसते, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने. तिथल्या धबधब्याकडे तर पावसाळ्यात पाऊलच टाकू नकोस. इतक्या पोरांनी तिथे जीव गमावला आहे की पोलीस पावसाळ्यात मनाई हुकूम काढतात, आणि तरी दरवर्षी वाईट बातमी येते. राणी शोधायला तिथे जायची गरजच नाही, ती तुझ्या पायरीवर येते. पहाटे बाहेर पडताना बूट घाल, टॉर्च घे. दगड आणि विटा हाताने उलटू नकोस, काठीने उलट, आणि उघडणारी बाजू आपल्याकडे नको, पलीकडे असू दे. फुरसं आणि मण्यार याच दिवसांत बाहेर असतात.

आणि एक उचल. फार तर दोन. तुझ्या मित्रांत कोणी विकतं, कोणी मागवतं असं तू म्हणालास, त्यात पडू नकोस. २०२५ च्या एप्रिलमध्ये केनियात दोन बेल्जियन मुलं सुमारे ५,००० राणी मुंग्या घेऊन सापडली. वयं एकोणीस. कापसाचे बोळे लावलेल्या नळ्यांत, तू आणल्यास तशाच. मे महिन्यात न्यायालयाने त्यांना प्रत्येकी दहा लाख शिलिंग दंड नाहीतर बारा महिने कैद सुनावली. पाच हजार राण्या म्हणजे पाच हजार घरं होण्याची शक्यता एका मोसमात त्या रानातून उचलली गेली. परक्या मुलखात एखादी जात सुटली तर तिथल्या मुंग्यांचं जे होतं ते आणखी वेगळं. म्हणून मावशीच्या मुलाला पुण्याला पाठवायचीसुद्धा नाही. चिंचोटीची राणी चिंचोटीत.

उचलताना चिमटा नको, बोटंही नकोत. नळीचं तोंड तिच्या पुढे धर आणि मागून गवताची काडी हलकेच लाव. ती अंधाराकडे आपणहून जाते. नळीत तळाला तिसरा हिस्सा उकळून गार केलेलं पाणी, त्यावर कापूस घट्ट दाबलेला, असा की ओला होईल पण थेंब गळणार नाही. मग राणी, मग तोंडाला कोरडा कापूस. नळी आडवी, काळ्या कागदात गुंडाळून, कपाटाच्या अशा खणात जिथे हिसके बसत नाहीत. नळीवर दिवस, वेळ आणि जागा लिही. डोंगळ्याच्या राणीला खायला काही देऊ नकोस. साखर घालावीशी वाटेल, मध घालावासा वाटेल, हात आवर. बंद बिळात तिला कोणी भरवत नसतं, आणि आपल्या उष्म्यात गोड थेंबाला दोन दिवसांत बुरशी येते.

मी पहिली राणी कशाने घालवली ते ऐक. कपड्यांच्या कपाटात ठेवली होती, अंधार चांगला म्हणून. त्याच खणात डांबरगोळ्या होत्या, ते माझ्या ध्यानातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी ती पाय आखडून पडली होती आणि तिच्याशेजारी चार अंडी होती, एकमेकांना चिकटलेली. ती अंडी मी कितीतरी वेळ बघत बसलो. तेव्हा डांबरगोळ्या, कापूर, डासांची कॉइल, फवारा, उदबत्ती यांतलं काहीही त्या खोलीत नको. दुसरी राणी गेली ती रोज उघडून बघण्याने. प्रकाश पडला, नळी हलली की तिला वाटतं घर सापडलं गेलं, आणि ती आपली अंडी खाऊन टाकते. आठवड्यातून एकदा, लाल कागद लावलेल्या टॉर्चने, अर्धा मिनिट.

अंडी खसखशीएवढी बारीक. मग अळ्या, मग तपकिरी कोष. या कोषांनाच लोक मुंगीची अंडी म्हणतात. महिना-दीड महिन्याने, कधी थोडं जास्त, पहिली कामकरी निघते. ती एवढी लहान असते की डोंगळ्याची वाटतच नाही, कारण आईने तिला आपल्या अंगातूनच वाढवलेलं असतं, तेवढ्यात तेवढंच होतं. त्या दिवशी काडीच्या टोकावर मोहरीएवढा साखरपाण्याचा थेंब ठेव आणि हाताने मारलेला एक डास. थेंबाला पहिली कामकरी येते, पोट भरून परत जाते आणि आईच्या तोंडाला तोंड लावते. तीस-चाळीस दिवसांनी त्या राणीच्या पोटात गेलेला तो पहिला घास. तेव्हा मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

पन्नास-साठ जणी झाल्या की नळी पुरत नाही. पुढे वाढवायचं असेल तर आपण मिळून मोठी पेटी करू. आणि परीक्षा आली, घर बदललं, मन उतरलं, तर काही लाजायचं नाही. जिथून ती आणली तिथेच न्यायची. म्हणून तर नळीवर जागा लिहायला सांगितली. पाऊस होऊन गेलेली संध्याकाळ निवड. भिंतीच्या कडेला काडीने तिरकं बोटभर खोल भोक कर, त्यावर खापरीचा तुकडा आडोशाला ठेव, नळीचं तोंड भोकाशी लाव आणि कापूस काढून घे. नळी हलवू नकोस. आधी एक बारकी कामकरी बाहेर येईल, मिशा हलवत भोकात जाईल, परत येईल, दुसरीला घेऊन जाईल. राणी सगळ्यात शेवटी निघते, दोघी-तिघी तिला पुढे ओढत असतात. कोष तोंडात धरून नेणं रात्रभर चालतं. सकाळी जाऊन बघ, भोकाच्या तोंडाशी मोहरीएवढ्या मातीच्या गोळ्या टाकलेल्या असतील.